पावसाचा नव्हे, ओलीचा हिशेब

मृगाच्या सरी कोसळल्या की कोरडवाहू शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. तिफण आज जुंपावी की आणखी चार दिवस थांबावे? थांबावे, तर पेरणीचा काळ हातचा जातो. घाई करावी, तर पावसाने ओढ दिल्यावर उगवलेले कोंब डोळ्यांदेखत करपतात आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे, खत, बैलांचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे आणि मजुरी हे सारे दुसऱ्यांदा उभे करण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते. अनेक घरांच्या कर्जाचे मूळ शोधू गेल्यास ते जूनमधल्या या एका चुकलेल्या निर्णयाशी येऊन थांबते. या निर्णयासाठी मराठी शेतकऱ्याने शतकानुशतके एक मोजमाप वापरले आहे. त्याचे नाव वापसा. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटाने टोकरला तर तो सहज फुटतो, ही ती अवस्था. शेतकरी पाऊस पाहतो खरा, पण पेरतो तो वापशावर.

आश्चर्य असे की, शेतकऱ्याला जे उमगले ते आपल्या शासनव्यवस्थेला फार उशिरा उमगू लागले आहे. शासनाचा सारा हिशेब पावसाचा आहे. किती मिलिमीटर पडला, सरासरीच्या किती टक्के पडला, किती दिवस खंड पडला, यावर पेरणीचा सल्ला, दुष्काळाची घोषणा आणि अतिवृष्टीची मदत ठरते. पाऊस मोजणे सोपे आहे, म्हणून तो मोजला जातो. पिकाच्या मुळांना मात्र पर्जन्यमापकातील आकड्याशी कर्तव्य नसते, त्यांना मातीतील ओल हवी असते. ही ओल शेकडो किलोमीटर उंचीवरून मोजण्याची विद्या आता सिद्ध झाली आहे आणि त्या विद्येत भारत अग्रभागी असलेल्या मोजक्या देशांत जाऊन बसला आहे. अशा वेळी पावसाच्या हिशेबाकडून ओलीच्या हिशेबाकडे जाण्याची सिद्धता आपल्या व्यवस्थेने केली आहे काय, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

पाऊस आणि ओल यांत अंतर किती, हे महाराष्ट्राच्या भूमीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. सल्ला योग्यच आहे, पण तो सरासरीचा आहे. हा १०० मिलिमीटर पाऊस एका रात्रीत कोसळला तर माळरानावरील मुरमाड जमिनीतून तो ओढ्याला वाहून जातो. तोच आठवडाभर झिमझिम पडला तर खोल काळ्या जमिनीत हळूहळू मुरतो. हातभर खोलीच्या हलक्या जमिनीत पिकाला आठ-दहा दिवस पुरेल एवढीही ओल टिकत नाही. उलट सोलापूर, मंगळवेढ्याकडील खोल काळी जमीन परतीच्या पावसाची ओल पोटात साठवून ठेवते आणि त्या ओलीच्या बळावर शाळू ज्वारी पुढे पाण्याचा थेंब न मागता पिकते. पर्जन्यमापक दोन्हीकडे एकच आकडा दाखवील, पण एका शेतातील पीक वाळेल आणि दुसऱ्या शेतातील उभे राहील.

माती हे खरे म्हणजे आपले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित धरण आहे. मीटरभर खोलीची चांगली काळी जमीन पिकाला उपयोगी पडणारे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. म्हणजे एका हेक्टरात सुमारे २० लाख लिटर. एप्रिल २०१६मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तशा चार गाड्यांचे पाणी एका हेक्टर काळ्या मातीत निमूटपणे साठलेले असते. धरणांतील साठा रोजच्या वर्तमानपत्रात टक्क्यांनिशी छापून येतो. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बी आणि उन्हाळी हंगामाच्या पाण्याचे नियोजन होते. परंतु त्या दिवशी राज्याच्या मातीत किती पाणी शिल्लक आहे, हे मात्र कोणत्याही बैठकीत कोणी विचारत नाही. ज्या राज्यातील सुमारे चार-पंचमांश शेती पावसावर अवलंबून आहे, तेथे बहुसंख्य शेतकऱ्यांचा साठा धरणात नसून मातीतच असतो. त्या साठ्याची नोंदच नसावी, ही साधी त्रुटी नव्हे.

ही नोंद आजवर झाली नाही, याला एक व्यावहारिक कारण होते. मातीतील ओल मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे शेतातून मातीचा नमुना घ्यायचा, त्याचे वजन करायचे, १०५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत तो दिवसभर वाळवायचा आणि पुन्हा वजन करायचे. जेवढे वजन घटले तेवढी ओल. ही पद्धत अचूक आहे, पण प्रत्येक गावातील प्रत्येक शिवारासाठी दर आठवड्याला ती राबविणे अशक्य होते. उपग्रहाने ही अडचण दूर केली.

त्यामागील तत्त्व सामान्य वाचकासही समजण्यासारखे आहे. मातीचा विद्युत गुणधर्म तिच्यातील पाण्यानुसार बदलतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाचे जे माप आहे, ते कोरड्या मातीसाठी ३ ते ५ असते, तर पाण्यासाठी सुमारे ८०. ही तफावत इतकी मोठी आहे की मातीत थोडी ओल वाढली तरी तिच्यावरून परतणाऱ्या सूक्ष्मलहरींचे स्वरूप बदलते. काही उपग्रह जमिनीतून नैसर्गिकपणे बाहेर पडणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरी नुसत्याच टिपतात. काही उपग्रह स्वतः रडारच्या लहरी सोडतात आणि त्यांचा प्रतिध्वनी मोजतात. या लहरी ढगांना जुमानत नाहीत. ऐन पावसाळ्यात महिना-महिना आकाश झाकलेले असते तेव्हा साधे छायाचित्र घेणारे उपग्रह आंधळे होतात. ओलीची माहिती सर्वाधिक हवी असते ती नेमकी तेव्हाच, आणि सूक्ष्मलहरींचा उपग्रह त्या वेळी रात्रंदिवस पाहू शकतो.

युरोपीय अंतराळ संस्थेने नोव्हेंबर २००९मध्ये ‘स्मॉस’ आणि अमेरिकेच्या नासाने जानेवारी २०१५मध्ये ‘स्मॅप’ हे उपग्रह मुख्यतः या कामासाठी पाठविले. स्मॅपचे रडार जुलै २०१५मध्ये, अवघ्या काही महिन्यांत निकामी झाले. नैसर्गिक लहरी टिपणारे त्याचे दुसरे उपकरण मात्र पुढे अनेक वर्षे कार्यरत राहिले. त्याच्या मूळ मोजमापातील एक चौकोन सुमारे ३६ किलोमीटर बाजूचा होता. त्यात महाराष्ट्रातील सरासरी तालुका सहज मावून वर जागा उरते. जागतिक हवामानाच्या अभ्यासाला हे पुरेसे होते, पण गावाला त्यातून काही कळण्यासारखे नव्हते.

ही दरी भरून काढण्यात भारताने घेतलेला पुढाकार प्रत्येक भारतीयास अभिमान वाटावा असाच आहे. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ईओएस-०४’ हा रडार उपग्रह झेपावला आणि त्याच्या नोंदींवरून ५०० मीटरच्या चौकोनापर्यंत ओलीचे नकाशे तयार होऊ लागले. त्यानंतर ३० जुलै २०२५ रोजी जीएसएलव्ही-एफ१६ प्रक्षेपकाने ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रह कक्षेत नेला. सुमारे २,४०० किलो वजनाचा हा उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांत पृथ्वीवरील जवळजवळ सर्व भूभाग दोनदा न्याहाळतो. त्याच्यावर दोन रडार आहेत. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे एल-बँड रडार नासाचे, तर सुमारे ९ सेंटिमीटर लहरींचे एस-बँड रडार इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने घडविलेले. लांब लहर पिकाच्या पानोळ्यातून अधिक खोल शिरते, म्हणून उभ्या पिकाखालील मातीची वार्ता ती आणू शकते. या उपग्रहाची १२ मीटर व्यासाची जाळीदार छत्री अवकाशात उलगडली तो दिवस १५ ऑगस्टचा होता. निसारच्या नोंदींतून २०० मीटर चौकोनाचे ओलीचे नकाशे काढण्याची योजना आहे. २०० मीटरचा चौकोन म्हणजे ४ हेक्टर. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. तालुक्याएवढ्या चौकोनापासून बांधाला बांध लागून असलेल्या तीन शेतकऱ्यांपर्यंत ही विद्या अशी येऊन पोचली आहे.

हे यश एका रात्रीत लाभलेले नाही. १९७०मध्ये डॉ. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील नारळाच्या बागांवरील मूळमर रोगाचा वेध हवेतून अवरक्त छायाचित्रे घेऊन घेण्यात आला. भारतीय सुदूर संवेदनाचा आरंभ असा शेतकऱ्याच्या बागेतून झाला. विक्रम साराभाईंनी अंतराळविज्ञानाला सामान्य माणसाच्या प्रश्नांशी जोडण्याचा जो आग्रह धरला, त्याचे ते पहिले फळ. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या ‘भास्कर’ या उपग्रहावर सूक्ष्मलहरी टिपणारे उपकरण होते. मात्र त्या वेळी प्रक्षेपक सोव्हिएत रशियाचा घ्यावा लागला. पुढे १९९२मध्ये क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान भारताला मिळू नये म्हणून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले आणि १९९३मध्ये दबावाखाली रशियानेही हात आखडता घेतला. भारतीय वैज्ञानिकांनी तक्रार करीत बसण्याऐवजी ते इंजिन स्वतः घडविले. ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह जीएसएलव्हीचे उड्डाण यशस्वी झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये निसारचा करार झाला आणि ज्या देशाने एकेकाळी वाट अडविली, त्याचे मोलाचे उपकरण भारताच्या स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याने वर नेले. स्वावलंबन साधलेल्या राष्ट्राशीच बरोबरीच्या नात्याने सहकार्य होते, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

तथापि अभिमानाच्या भरात या विद्येच्या मर्यादा विसरणे हिताचे ठरणार नाही. उपग्रहाला दिसते ती मातीच्या वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थरातील ओल. कापूस, तूर, हरभरा यांची मुळे त्याच्या कितीतरी खाली असतात. वरचा थर दोन उन्हांत वाळतो, खालचा आठवडे-महिने ओला राहू शकतो. मुळांच्या थरातील ओल काढण्यासाठी उपग्रहाच्या नोंदीला पाऊस, तापमान, पीक आणि मातीची जात यांची जोड देऊन गणित मांडावे लागते. दुसरे असे की, ओलीचा तोच आकडा दोन मातींत दोन अर्थ सांगतो. ज्या प्रमाणात वाळूमिश्रित माती चिंब भिजलेली असते, त्या प्रमाणात ओल असूनही चिकण काळी माती पिकाला पाणी सोडत नाही. तेव्हा उपग्रहाच्या नकाशाखाली मातीचा नकाशा अंथरल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था नागपुरातच आहे आणि महाराष्ट्राचे सुदूर संवेदन केंद्रही नागपुरातच आहे. या दोन संस्थांचे काम गावपातळीवर एकत्र आणणे अशक्य नाही. नांगरलेल्या शेताची ढेकळे, उभे दाट पीक आणि डोंगरउतार यांमुळेही रडारची फसगत होते. म्हणून उपग्रहाचा प्रत्येक आकडा प्रत्यक्ष शेतातील मातीशी ताडून पाहावा लागतो. अवकाशातील डोळ्याला जमिनीवरील हाताची साथ लागतेच.

मर्यादा जाणून वापर केला तर या माहितीने शासनाचे निर्णय किती न्याय्य होऊ शकतात, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट हा पहिला निकष आहे. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, पिकांचा हिरवेपणा, मातीतील ओल आणि जलस्थिती हे परिणामदर्शक निकष येतात आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे ओलीला संहितेत स्थान आहे. मात्र ती बहुधा पावसाच्या आकड्यांवरून अनुमानाने काढली जाते, प्रत्यक्ष मोजली जात नाही. हिरवेपणाचा निकष तर मुळातच उशिराचा आहे. आधी मातीतील ओल सरते, मग पान कोमेजते आणि त्याचा रंग उडाल्यावर उपग्रहाच्या छायाचित्रात दुष्काळ उमटतो. तोवर हंगाम गेलेला असतो. खरीप २०२३मध्ये महाराष्ट्रात ऑगस्ट कोरडा गेला. ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला, आणि दुष्काळसदृश स्थितीच्या यादीत एक हजाराहून अधिक महसूल मंडळांची भर पडली ती त्याही नंतर. ओल सरत असताना, ऑगस्टमध्येच तिची मोजदाद हाती असती, तर संरक्षित सिंचन, चाऱ्याची तजवीज आणि रोजगाराची कामे दोन महिने आधी सुरू करता आली असती.

जी गोष्ट दुष्काळाची, तीच अतिवृष्टीची. महसूल मंडळातील पर्जन्यमापकाने २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदविला तर अतिवृष्टी मानण्याचा दंडक आहे. राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, पण पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. यंत्र एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात, असे घडले की शेत पाण्याखाली असूनही कागदोपत्री ते कोरडे ठरते. शिवाय दररोज ४० मिलिमीटर पाऊस आठवडाभर पडला तर ६५चा आकडा कधीच ओलांडला जात नाही, पण सोयाबीनच्या मुळ्या मात्र कुजून जातात. २०२३मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसालाही आपत्ती मानले, हे स्वागतार्हच होते. पण मूळ दुखणे मातीत पाणी तुंबण्याचे आहे आणि ते थेट मोजता येत असेल तर आडवळणाची गरज काय?

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागाने जे भोगले, त्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. सीना, मांजरा, गोदावरीच्या काठी उभी पिके गेली, जनावरे वाहून गेली आणि कित्येक ठिकाणी शेतातील मातीच खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले. एरवी टँकरसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात पूर कसा आला, असे अनेकांनी विचारले. त्याच्या उत्तराचा एक भाग मातीत आहे. तहानलेली माती मोठा पाऊसही पिऊन टाकते. तीच माती आधीच्या पावसाने काठोकाठ भरलेली असली की पुढचा प्रत्येक थेंब थेट नदीत उतरतो. तेव्हा निसार नुकताच कक्षेत स्थिरावत होता, त्याच्याकडून त्या हंगामात अपेक्षा करणे योग्य नव्हे. परंतु यापुढे धरणाचे दरवाजे उघडण्याचा निर्णय केवळ जलाशयाच्या पातळीवर आणि पावसाच्या अंदाजावर न घेता, पाणलोटातील माती किती भरली आहे हेही पाहून घेतला जावा, ही मागणी वाजवी आहे. चार दिवस आधी थोडे पाणी सोडणे आणि मध्यरात्री सारे दरवाजे एकदम उघडणे, यांत काठावरील गावांच्या जीविताचे अंतर असते.

कालव्यावरील शेतीतही हीच दृष्टी हवी. आवर्तन केव्हा सोडायचे, हे आजही बहुधा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतील आग्रहावर आणि वर्षानुवर्षांच्या रूढीवर ठरते. परिणामी कालव्याच्या शेपटाकडील जमीन कोरडी राहते आणि मुखाकडील जमिनीत उसाला मोकाट पाणी सुटते. कृष्णाकाठच्या सांगली, कोल्हापूर भागातील क्षारपड जमिनी हे अतिपाण्याचे फळ आहे. एकेकाळी सोने पिकविणारी ही जमीन आज पांढरी पडलेली दिसते. जमिनीत ओल असताना दिलेले पाणी पिकाला मिळत नाही, ते जमिनीला मारते. लाभक्षेत्रातील ओलीचा नकाशा पाणीवापर संस्थांच्या हाती पडला तर शेपटाकडील शेतकऱ्याच्या तक्रारीला पुराव्याचे बळ मिळेल आणि आवर्तनाची तारीख दबावाने ठरविणे अवघड होईल.

येथे एक कळीचा प्रश्न उपस्थित होतो. ही माहिती सर्वांत आधी कोणाच्या हाती पडणार? निसारच्या नोंदी जगाला विनामूल्य खुल्या ठेवण्याचे धोरण आहे आणि इस्रोच्या ‘भूनिधी’ संकेतस्थळावरूनही अनेक उपग्रहांच्या नोंदी मिळतात. परंतु खुली असणे आणि उपयोगाची असणे यांत अंतर आहे. त्या नोंदींचा अर्थ लावण्याचे सामर्थ्य आज विमा कंपन्या, धान्य व कापसाचे मोठे व्यापारी आणि कृषी-तंत्रज्ञानातील देशी-विदेशी उद्योग यांच्याकडे आहे. कोणत्या जिल्ह्यात सोयाबीनचे उत्पादन घटणार, हे व्यापाऱ्याला सप्टेंबरातच कळावे आणि शेतकऱ्याला ते बाजार समितीत भाव ऐकताना समजावे, अशी स्थिती आली तर देशाच्या पैशाने घडलेली विद्या शेतकऱ्याच्या हिताविरुद्धच वापरली जाईल. म्हणून खुल्या नोंदींवर थांबून चालणार नाही. प्रत्येक गावाची ओल, त्या मातीच्या संदर्भात आणि मराठीत, दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर व शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचविणे हे शासनाने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

यासाठी मधला दुवा लागतो आणि नेमका तोच दुबळा आहे. हवामानाच्या अंदाजाचे शेतकऱ्याच्या भाषेतील सल्ल्यात रूपांतर करणारी देशभरातील सुमारे दोनशे जिल्हा कृषी-हवामान केंद्रे २०२४मध्ये बंद करण्यात आली. हा निर्णय दूरदृष्टीचा म्हणता येणार नाही. उपग्रहावर शेकडो कोटी खर्च करणाऱ्या देशाने शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगणाऱ्या माणसाच्या वेतनात काटकसर करावी, हे बियाणे विकत घेऊन पेरणीची मजुरी वाचविण्यासारखे आहे. याउलट वाट दाखविणारे प्रयोगही महाराष्ट्रात झाले आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली. पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेला, किती भूजलात गेला आणि किती ओल म्हणून मातीत राहिला, याचे गणित त्यात आहे. ग्रामविकासासाठी आयुष्य वेचणाऱ्या नानाजींच्या नावाला साजेसे हे काम आहे. त्या गणिताला आता उपग्रहाच्या प्रत्यक्ष मोजमापाची जोड द्यावयाची आहे.

मोजमाप आणि राज्यकारभार यांचे नाते आपल्याला नवे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोष्ठागारात पर्जन्यमापक कुंड ठेवण्यास सांगितले आहे. अश्मक, अवंती आदी प्रदेशांत किती पाऊस पेरणीयोग्य मानावा, याची मापे ‘द्रोण’ या परिमाणात दिली आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाण्याचे मान पाहून अधिक पाण्याची की कमी पाण्याची पिके घ्यावयाची, हे ठरविण्याची जबाबदारी त्याने सीताध्यक्षावर, म्हणजे राज्याच्या कृषी अधिकाऱ्यावर टाकली आहे. मोजणे आणि मोजमापाप्रमाणे वागणे या दोन गोष्टी त्याने एकाच सूत्रात बांधल्या. प्राचीनांना उपग्रह ठाऊक होता असे म्हणण्याची येथे मुळीच गरज नाही. त्यांना ठाऊक होती ती शिस्त, आणि आज उणीव आहे ती तिचीच.

ही शिस्त शासनाच्या आदेशाने येत नाही, तिला समाजाचे पाठबळ लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ते करून दाखविले. गावात पडलेला पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पिके ठरवायची, हा तेथील रिवाज झाला आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी जास्त पाण्याचे पीक घेण्याचा मोह ग्रामसभेच्या निर्णयापुढे आवरला जातो. हिवरे बाजारकडे पूर्वी उपग्रह नव्हता, पण संयम होता. उद्या प्रत्येक गावाच्या हाती उपग्रहाचा नकाशा येईल, पण संयम नसेल, तर ओल कोठे शिल्लक आहे हे पाहून तेथेच आणखी एक कूपनलिका खोदली जाईल. साधन कोणत्याही हातात तेच असते, त्याचा परिणाम समाजाच्या वृत्तीवर ठरतो.

म्हणून या कामात सामाजिक कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना मोठा वाव आहे. ग्रामीण शाळेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मातीचा नमुना घेणे, त्याचे वजन करणे, वाळविणे आणि नोंद ठेवणे सहज जमण्यासारखे आहे. एक वजनकाटा, एक भट्टी आणि एक वही एवढ्या भांडवलावर प्रत्येक शाळा ओलीची वेधशाळा होऊ शकते. कृषी विज्ञान केंद्रांनी त्यांना पद्धत शिकवावी आणि त्यांच्या नोंदी उपग्रहाच्या नकाशाशी ताडून पाहाव्यात. शेतकरी संघटनांनी मदतीच्या रकमेबरोबरच ओलीच्या आकड्यांचीही मागणी लावून धरावी. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांत आज संगणक आणि नकाशाशास्त्र जाणणारे तरुण पुष्कळ आहेत. आपल्या मूळ गावाच्या शिवाराचा ओलीचा नकाशा दर पंधरवड्याला काढून तो ग्रामपंचायतीकडे पाठविणे, ही त्यांना सहज पेलणारी आणि खरोखर उपयोगी पडणारी ग्रामसेवा ठरेल. आणि राज्य शासनाने १५ ऑक्टोबरला धरणांच्या साठ्याबरोबर प्रत्येक तालुक्यातील मातीचा साठाही जाहीर करण्याचा प्रघात पाडावा. हरभरा पेरावा की करडई, की जमीन मोकळी ठेवावी, या निर्णयाला त्या एका आकड्याने आधार मिळेल.

भारतीय वैज्ञानिकांनी आपल्या वाट्याचे काम चोख केले आहे. केरळातील नारळाच्या बागेतून निघालेली ही वाट पंचावन्न वर्षांत निसारपर्यंत पोचली. उरलेली वाट लांबीने अगदी थोडी आहे. नकाशाच्या एका चौकोनापासून तीन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंतची ती आहे. पण ती चालण्यासाठी अग्निबाण उपयोगी नाही. त्यासाठी तलाठ्याची नोंद, कृषी सहायकाचा सल्ला, शाळेतील वही आणि ग्रामसभेचा ठराव लागेल. पुढच्या मृगात तिफण हाती धरणाऱ्या शेतकऱ्याला पावसाच्या टक्केवारीऐवजी आपल्या मातीचा वापसा कळला आणि त्याची पेरणी एकदाच झाली, तर त्या १२ मीटरच्या छत्रीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.